भोंडला ठरवताय? मग एवढं कराच

नवरात्र जवळ आलं की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, यंदा भोंडला करायचा का? चार जणी लगेच हो म्हणतात. मग तारीख ठरते, शेवटी खाऊ म्हणून वाटायची खिरापत ठरते, साड्यांचा रंगही ठरतो. गाणी कोण म्हणणार, फेर कुठे धरायचा आणि फोटो कोण काढणार, हे मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नाही.

त्याचे परिणाम तुम्ही पाहिले असतील. फेर उशिरा सुरू होतो. तोवर अंधार पडलेला असतो. अर्ध्या जणींच्या एका हातात मोबाइल असतो, त्यामुळे हाताला हात लागत नाही. ज्या आजींना गाणी पाठ आहेत, त्या कडेला खुर्चीत बसून राहतात. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तीनशे फोटो येतात आणि त्यांत त्या आजी कुठेच नसतात.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी खर्च लागत नाही, थोडी आधी तयारी लागते. ती कशी करायची ते क्रमाने सांगते.

आधी माणसं आणि गाणी

भोंडल्याचं खरं धन म्हणजे गाणी. ती छापील पुस्तकांत आहेत, पण चाल पुस्तकातून कळत नाही. चाल माणसांच्या गळ्यात असते. म्हणून सगळ्यात आधी तुमच्या इमारतीत गाणी कुणाकुणाला येतात, त्यांची यादी करा.

एकाच सोसायटीत पुण्याच्या, सांगलीच्या, जळगावच्या, अमरावतीच्या बायका राहत असतात. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायच्या या खेळाला पुण्याकडे भोंडला म्हणतात, सांगली-कोल्हापूरकडे हादगा. खानदेशात आणि विदर्भात मुली भुलाबाई मांडतात. तिकडे हत्तीऐवजी भुलाबाई-भुलोजीच्या मूर्ती असतात. प्रत्येकीकडून एक-एक गाणं मागा. आपल्या माहेरचं गाणं इथं म्हटलं जाणार, हे कळलं की लाजणारी बाईही पुढे येते.

सगळी मिळून आठ ते दहा गाणी पुरेत. त्याहून जास्त घेतली तर लहान मुली कंटाळतात आणि मोठ्यांचे पाय दुखतात. आधीच्या आठवड्यात दोनदा एकत्र बसून म्हणून पाहा. ध्रुवपद सगळ्यांना पाठ झालं तरी काम भागतं. बाकीच्या ओळी एकीने सांगायच्या आणि इतरांनी उचलायच्या. पूर्वीही असंच होत असे.

गाण्याचे कागद हातात देऊ नका. मोबाइलवर तर मुळीच पाठवू नका. हात अडकला की फेर तुटतो आणि मान खाली गेली की एकमेकींचे चेहरे दिसत नाहीत. फारच गरज वाटली तर मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक तक्ता भिंतीवर लावा.

मुली विचारतील, या गाण्यांत सासूचा एवढा राग का? त्यांना खरं उत्तर द्या. लहान वयात लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींना मन मोकळं करायला दुसरी जागा नव्हती. चार मैत्रिणींच्या फेरात, गाण्याच्या आडून, त्या ते बोलत होत्या. एवढं कळलं तरी मुली ते गाणं वेगळ्या मनाने म्हणतात.

बोलावताना कुणाला वगळू नका

आमंत्रण लिहिताना "सर्व महिला आणि मुली" असं स्पष्ट लिहा. नुसतं लिहून थांबू नका. ज्यांचे पती गेले आहेत, त्यांच्या दारी स्वतः जा आणि या म्हणून सांगा. अनेक जणींना आपल्याला बोलावलं आहे की नाही, याचीच खात्री नसते. मग त्या दार लावून घरात बसतात आणि गाणी ऐकत राहतात.

घरकामाला येणाऱ्या ताई, वॉचमन काकांच्या मुली, नव्याने भाड्याने राहायला आलेलं दुसऱ्या भाषेचं कुटुंब, यांनाही बोलवा. फेराला जितके हात तितका तो मोठा होतो.

पुरुषांनाही काम द्या. खुर्च्या लावणं, दिव्यांची सोय करणं, तान्ह्या बाळांना सांभाळणं, शेवटी जागा झाडून काढणं. त्या दिवशी ही कामं त्यांनी घेतली तर घरातल्या बाईला फेरात मोकळेपणी उभं राहता येतं.

वेळ आणि जागा

भोंडल्याचा संबंध हस्त नक्षत्राशी, आणि सूर्य त्या नक्षत्रात साधारण 27 सप्टेंबरला जातो. हे दिवस परतीच्या पावसाचे. दुपारी ऊन आणि संध्याकाळी गडगडाट, असं बरेचदा होतं. म्हणून उघड्यावर कार्यक्रम ठरवताना छपराखालची दुसरी जागा आधीच नक्की करून ठेवा. पार्किंग चालेल, पण तिथल्या गाड्या त्या संध्याकाळी दुसरीकडे लावायला दोन दिवस आधी सांगा. ओली फरशी अनवाणी पायांना फार धोक्याची. एक आजी घसरल्या तर महिनाभर घर अडून बसतं. फेर सुरू करायच्या आधी जागा कोरडी पुसून घ्या.

या दिवसांत पुण्या-मुंबईकडे सव्वासहा ते साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. नागपूरकडे त्याच्या वीसेक मिनिटं आधी. म्हणून फेर पाच वाजता सुरू करा. आमंत्रणात साडेचार लिहा. शनिवार-रविवार धरला तर नोकरी करणाऱ्यांनाही जमतं. मुलांच्या शाळेच्या परीक्षा कधी आहेत, तेही विचारून घ्या.

जागा किती लागेल? हात धरून उभं राहिल्यावर प्रत्येकीला साधारण तीन फूट लागतात. वीस जणींचं रिंगण साधारण वीस फूट रुंद होतं. बाहेर बसणाऱ्यांसाठी आणि फोटो काढणाऱ्यांसाठी धरून तीस फूट मोकळी जागा ठेवा. चाळीस जणी असतील तर एकात एक अशी दोन रिंगणं करा. लहान मुली आत, मोठ्या बाहेर.

ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्या खुर्च्या कडेला मांडू नका. मधोमध, पाटाजवळ मांडा. गाणं त्यांनीच सांगायचं आहे, तर त्यांचा आवाज सगळ्यांपर्यंत सारखा गेला पाहिजे. लागलाच तर एक छोटा स्पीकर पुरतो. त्याची वायर फेराच्या वाटेत येऊ देऊ नका. मैदानात किंवा रस्त्यालगत लाउडस्पीकर लावायचा असेल तर पोलीस ठाण्यातून परवानगी आधी घ्या. रात्री दहानंतर तो बंदच ठेवायचा असतो.

खिरापतीची काळजी

डबा वाजवून खिरापत ओळखायची, यातच मजा आहे. पण ती गुपित असल्यामुळे एक धोका असतो. एखाद्या मुलाला शेंगदाणे किंवा काजू चालत नसतात आणि खिरापतीत ते असतात. म्हणून सगळ्या आयांना आधीच विचारा. एका जबाबदार बाईला सगळ्या डब्यांत काय काय आहे ते माहीत असू द्या.

नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्या बऱ्याच असतात. त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू किंवा उपासाचं दुसरं काही वेगळं ठेवा. मधुमेह असलेल्यांसाठी एखादा तिखटमिठाचा पदार्थ असू द्या. पिण्याचं पाणी जवळच ठेवा.

फोटो कोण काढणार ते ठरवा

फोटो सगळ्यांनी काढायचे नाहीत. दोघींनी काढायचे. एक मोठी बाई आणि एक आठवी-नववीतली मुलगी, अशी जोडी चांगली. बाकीच्यांनी मोबाइल पिशवीत ठेवायचे. सगळे फोटो सगळ्यांना मिळणार आहेत, हे सुरुवातीलाच सांगा. मग कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

त्या दोघींनीही शेवटपर्यंत फोटोच काढत राहू नये. दोन गाण्यांनंतर एकीने फेरात जावं, मग दुसरीने. घरोघरच्या अल्बममध्ये एक गोष्ट सारखी दिसते. जी बाई फोटो काढते, ती कुठल्याच फोटोत नसते. तुमच्याकडे तसं होऊ देऊ नका.

कुठले फोटो हवेत, याची यादी आधी करा. मी सांगते ती अशी:

1. माणसं यायच्या आधी, पाटावर मांडलेला हत्ती.
2. हत्ती काढणारे, रांगोळी घालणारे हात.
3. खिरापत करणाऱ्या बायका, त्यांच्या स्वयंपाकघरात.
4. सगळ्यांचा एकत्र फोटो.
5. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून संपूर्ण फेर.
6. जमिनीलगत बसून, फिरणारे पाय आणि पाटावरचा हत्ती.
7. हातात गुंफलेले हात.
8. गाणं सांगणाऱ्या प्रत्येक आजीचा जवळून एक फोटो.
9. आजी, आई आणि नात एकत्र.
10. डबा वाजताना खिरापत ओळखणाऱ्या मुलींचे चेहरे.
11. कार्यक्रम संपल्यावर आवराआवर करणारी माणसं.

एकत्र फोटो फेर सुरू व्हायच्या आधी काढा. खिरापत वाटली की माणसं पांगतात आणि तोवर उजेडही गेलेला असतो.

फोटो चांगला यावा म्हणून

फेरातल्या बायकांची तोंडं चारी दिशांना असतात. तिरप्या उन्हात काहींचे डोळे मिटतात आणि काहींचे चेहरे काळे पडतात. म्हणून इमारतीची सावली जिथे पडते तिथे फेर धरा. सावलीत उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखा पडतो.

हत्तीचा पाट मांडताना मागे काय दिसतं ते पाहा. कचऱ्याचे डबे, पाण्याचा पंप, वाळत घातलेले कपडे आधीच बाजूला करा. गाड्यांचे नंबर दिसणार नाहीत असं पाहा.

मोबाइलची काच मऊ कापडाने पुसा. तेला-तुपाचे हात लागून ती धूसर झालेली असते. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. ज्या चेहऱ्याचा फोटो हवा, पडद्यावर त्या चेहऱ्याला बोट लावा आणि मग काढा.

फेर फिरत असतो, तुम्ही फिरू नका. एका जागी थांबा. प्रत्येक चेहरा आपोआप तुमच्यासमोर येतो.

अंधार पडलाच तर फ्लॅश मारू नका. जवळचा चेहरा पांढरा पडतो आणि मागचं सगळं काळं होतं. दोन समोरासमोरच्या बाजूंना दोन दिवे लावा आणि त्यांचे झोत भिंतीकडे वळवा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फोटोसाठी फेर थांबवू नका. "परत एकदा म्हणा" असं सांगू नका. एखादा फोटो चुकला तर चुकू द्या. गाण्याची लय एकदा मोडली की बायका संकोचतात, आणि मग उरलेली संध्याकाळ त्या फोटोसाठीच उभ्या राहतात.

ज्यांचा फोटो, त्यांचं मन

सुरुवातीला मोठ्याने विचारा: "कुणाला फोटो नको असेल तर सांगा, कारण सांगायची गरज नाही." काही जणींना सगळ्यांसमोर बोलता येत नाही. त्यांना नंतर बाजूला येऊन सांगू द्या. त्यांची नावं लिहून ठेवा आणि फोटो निवडताना ती नावं समोर ठेवा.

घरात कुणाचे काय प्रश्न असतात, आपल्याला माहीत नसतं. एखादीला माहेरच्यांपासून पत्ता लपवायचा असतो. एखादीच्या नवऱ्याशी वाद कोर्टात चाललेला असतो. आपण हौसेने टाकलेला एक फोटो तिला महागात पडू शकतो.

पदर सावरताना, जेवताना, बाळाला पाजताना कुणाचा फोटो काढू नका. चुकून आलाच तर लगेच काढून टाका. कुणी "हा नको" म्हणालं तर वाद न घालता तिच्यासमोर पुसा.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. आई-वडिलांना विचारल्याशिवाय मुलाचा फोटो सोसायटीबाहेर जाऊ देऊ नका. मुलाचं नाव, शाळेचं नाव आणि इमारतीचं नाव एकाच फोटोखाली कधीही लिहू नका.

कार्यक्रम चालू असताना फोटो कुठेही टाकू नका. सगळं घर खाली, दाराला कुलूप आणि अंगावरचे दागिने फोटोत, ही माहिती आपण स्वतःहून बाहेर का द्यायची? फोटो दुसऱ्या दिवशी टाका. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय असते. ती त्या दिवसापुरती बंद ठेवा.

गाणी वेगळी टिपून ठेवा

फेराच्या गोंगाटात गाणं नीट टिपलं जात नाही. टाळ्या, हसणं, मुलांची पळापळ यांत शब्द हरवतात. म्हणून आदल्या दिवशी दुपारी प्रत्येक आजीच्या घरी जा. जाताना एका मुलीला बरोबर न्या.

खिडकी लावा आणि पंखा बंद करा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे मध्येच फोन येणार नाही. तो त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, उशीवर ठेवा. आधी त्यांना नाव सांगू द्या. मग माहेरचं गाव, आणि गाणं कुणाकडून शिकल्या ते. मग पूर्ण गाणं. मध्ये विसरल्या तर थांबा, घाई करू नका. शेवटी विचारा, हे इतरांना ऐकवलं तर चालेल ना?

हे काम किती मोलाचं असतं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून काम करत, गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही त्यांनी नोंदवलं. म्हणून आज ती ओवी कुणाची, हे आपल्याला सांगता येतं. डॉ. सरोजिनी बाबर यांनीही लोकसाहित्य समितीच्या कामातून बायकांची गाणी ग्रंथरूपाने जपली. तुमच्या इमारतीतली आठ-दहा गाणी जपायला एवढ्या मोठ्या संस्थेची गरज नाही. एक मोबाइल आणि एक वही पुरते.

कार्यक्रम झाल्यावर

त्याच रात्री सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवा. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी पेनड्राइव्हवर. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, बदलला जातो.

दुसऱ्या दिवशी निवड करा. तीनशे फोटोंतून चाळीस ठेवा. निवडताना एक यादी हातात घ्या आणि आलेली प्रत्येक बाई निदान एका फोटोत आहे ना, ते तपासा. ज्या उठून दिसतात त्या दहा-दहा फोटोंत असतात. तुम्ही मागे उभी राहणारी शोधा.

ग्रुपवर साधा फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं. छापायचे फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे ते जसेच्या तसे जातात.

मग नावं लिहा. ओळीने, डावीकडून उजवीकडे. तारीख लिहिताना वर्षही लिहा. "यंदाचा भोंडला" असं लिहिलं तर पाच वर्षांनी त्याचा काहीच अर्थ लागत नाही. ज्या आजींच्या फोटोखाली नाव नसतं, त्यांच्या पतवंडांना त्या ओळखू येत नाहीत.

शेवटी काही फोटो छापून घ्या. गाणी सांगणाऱ्या प्रत्येक आजीला तिचा एक फोटो घरी नेऊन द्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना तर आठवणीने द्या. कामाला येणाऱ्या ताईंनाही द्या. छापलेला फोटो घरात भिंतीवर राहतो, ग्रुपवरचा फोटो चार दिवसांत वर सरकून जातो.

वर्गणी काढली असेल तर जमाखर्च मात्र आठवड्याच्या आत लिहून लावा. पाच रुपये उरले तरी लिहा. पुढच्या वर्षी वर्गणी मागणाऱ्यांना त्याने बळ मिळतं.

एवढं सगळं एकदम जमलं नाही तरी चालेल. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत भाड्याच्या हॉलमध्ये, कागदावर काढलेल्या हत्तीभोवतीही भोंडला होतो आणि छान होतो. साधनं कमी असली तरी चालतं. गाणी येणारी माणसं मात्र दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून यंदा निदान तीन गोष्टी करा. फेर उजेडात धरा. प्रत्येकीला विचारूनच तिचा फोटो बाहेर जाऊ द्या. आणि गाणं सांगणाऱ्या आजीचं नाव, गाव आणि गाणं लिहून ठेवा. उद्याच त्यांच्या दारी जा.